कार्पेट तीनदा धुतलं, तरी गाडीत पुन्हा ओल आणि कुबट वास

जून उजाडला की मला ठरलेला फोन येतो. कधी मावसभावाचा, कधी ऑफिसातल्या कुणाचा. "अरे, गेल्याच महिन्यात इंटिरियर क्लीनिंग करून आणलं. गाडी चकाचक झाली होती. दोन पाऊस पडले आणि दार उघडलं की परत ओल्या गोणपाटाचा वास. आता कुठला शांपू वापरू?"

शांपू राहू दे बाजूला. गाडीत कुठून तरी पाणी येतंय आणि तू दर वेळी त्या पाण्यावर सुगंध शिंपडतोयस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हे मी शहाणपणानं सांगत नाही, कारण मी स्वतः एक अख्खा पावसाळा हेच केलंय. जुन्या गाड्या घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच नीट करण्याचा नाद मला याच भानगडीतून लागला. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या फोनला हेच पाठवून देईन.

माझी पहिली जुनी हॅचबॅक मी फेब्रुवारीत घेतली. फेब्रुवारीत ठाण्यात कुठलीच गाडी गळत नाही. ८ वर्षांची गाडी, ६४,००० किलोमीटर चाललेली, सीट कव्हरं नवी कोरी, डॅशबोर्डवर पॉलिशची चमक आणि पायाखाली झकास काळी सेव्हन-डी मॅट. त्या मॅटवर मी भाळलो होतो. आज जुन्या गाडीत नवी मॅट दिसली की आधी ती उचलून बघतो.

जूनमध्ये वास सुरू झाला. पहिल्यांदा बाहेरून क्लीनिंग करून आणलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रविवारी मीच ब्रश, साबण आणि बादली घेऊन बसलो. समोरच्या विंगमधले काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते दूध घेऊन येताना थांबले आणि थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"पुसतोयस काय नुसतं? टाकी गळत असेल तर फरशी पुसून भागतं का?"

"पण काका, वरून कोरडंच लागतंय कार्पेट."

"वरून. खाली हात घाल."

घातला. दाराच्या उंबऱ्यावर प्लॅस्टिकची पट्टी असते, ती बोटांनी वर ओढली की क्लिपांमधून सुटते. तिच्याखाली दाबलेली कार्पेटची कड उचलली आणि चार बोटं आत सरकवली. कार्पेटच्या खाली इंच-दीड इंच जाडीचा फेल्ट किंवा फोमचा थर असतो, आवाज आणि उष्णता अडवायला. तो ओल्या गोधडीसारखा झाला होता. बोटं दाबली तर कडेनं पाणी वर आलं. पुढे ते डावं कार्पेट काढून बाथरूममध्ये त्यावर उभा राहिलो तेव्हा पाऊण बादली भरली. वरचं कापड पंख्याखाली तासाभरात सुकतं, खालचा थर मात्र महिनोन्‌महिने पाणी धरून राहतो. त्यावर रबरी मॅट असेल तर बाष्प बाहेर जायचीही सोय नाही. ओल्या कापडावर, फोमवर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. शांपूनं आपण त्यात आणखी पाणी ओततो आणि वर सुगंधाची दोन-चार दिवसांची चादर घालतो.

म्हणजे पहिलं काम हात घालून बघणं. पुढे डावीकडे, पुढे उजवीकडे, मागे दोन्ही बाजूंना आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. पाचही ठिकाणं बघायची आणि लिहून ठेवायची. कुठे जास्त ओलं, कुठे कमी, यावरून निम्मा शोध तिथेच लागतो.

कुठलं पाणी आहे?

गाडीत शिरणारं पाणी साधारण तीन प्रकारचं असतं. पावसाचं, एसीचं आणि रेडिएटरच्या कूलंटचं. टिश्यू पेपर दाबून धरा आणि उजेडात बघा. एसीचं पाणी स्वच्छ असतं. पावसाच्या पाण्यात बहुधा बारीक माती, पाल्याचा अंश असतो. कूलंट हिरवट किंवा गुलाबीसर, बोटाला चिकट आणि वासाला गोडसर. सोबत पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरत असेल आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत असेल, तर डॅशबोर्डमागची हीटरची कॉइल किंवा तिचा पाइप गळतोय. हे काम घरी करू नका, डॅशबोर्ड उतरवावा लागतो. शिवाय कूलंट कमी झालेली गाडी रस्त्यात तापून इंजिनचं नुकसान करून बसते. तेव्हा थेट मेकॅनिककडे.

उरली दोन. ओल कधी वाढते याची नोंद ठेवा. पाऊस नसताना, नुसता एसी लावून लांबचा प्रवास केल्यावर वाढली तर एसी. गाडी रात्रभर पावसात उभी होती, एसी लावलाच नव्हता, तरी सकाळी ओली, तर पाऊस. हे वाचायला सोपं वाटतं. अडचण ही की जुन्या गाडीत दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि माझ्या गाडीत होती.

एसीचा ड्रेन

डॅशबोर्डच्या मागे एसीची कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून गेली की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा तिला घाम सुटतो. ते पाणी कॉइलच्या डब्याच्या तळातून एका रबरी नळीनं गाडीखाली पडतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यानं बहुतेक गाड्यांत हा डबा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नळी तुंबली की डबा भरतो आणि पाणी पुढच्या डाव्या कार्पेटवर उतरतं. वळणावर डॅशबोर्डमधून डुचमळल्यासारखा आवाज येत असेल तर ती याचीच खूण.

तपासायला खर्च शून्य. सावलीत गाडी उभी करा, एसी पूर्ण लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि खाली बघा. पावसाळ्यातल्या ठाणे-मुंबईच्या हवेत इंजिनच्या मागच्या बाजूला, डाव्या अंगाला पाण्याचा चांगला ओघळ दिसलाच पाहिजे. जमीन कोरडी म्हणजे पाणी आत साठतंय.

साफ करताना नळीचं तोंड गाडीखालून किंवा बॉनेटमधून शोधायचं. बोटाएवढी काळी रबरी नळी, बहुतेक वेळा टोकाला वळलेली. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. खाली भक्कम स्टँड हवेत, नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर नेऊन दहा मिनिटांचं काम करून घ्या. नळीत मऊ प्लॅस्टिकची तार किंवा केबल टाय हळूहळू सरकवा. टोकदार लोखंडी तार नको, आतला डबा फुटतो. कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको. आतून नळी निसटली तर आधी तुंबलेलं पाणी आता थेट गाडीत पडू लागेल.

माझ्या नळीतून आधी काळपट शेवाळाचा गोळा पडला आणि मागोमाग पेलाभर पाणी. मी इतका खूश झालो की काकांना वर जाऊन सांगून आलो. काका म्हणाले, "बरं. आता आठ दिवस काही लावू नकोस, उघडंच ठेव." मला ते उगीच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कार्पेट वाळवून बसवूनही टाकलं.

तीन दिवस कोरडं राहिलं. शनिवारी रात्रभर पाऊस झाला आणि रविवारी सकाळी परत तेच. गाडी तर शुक्रवारपासून हललीच नव्हती.

वायपरखालची पन्हळ आणि गुलमोहर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचं पाणी मुख्यतः इथूनच येतं. आणि आपल्या शहरांत सावली हवी म्हणून सगळेच झाडाखाली लावतात.

पुढच्या काचेवरून वाहणारं पाणी वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीतून आत जातं. जाळीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याची एक पन्हळ असते. मेकॅनिक तिला काउल म्हणतात. घराच्या छपराच्या पन्हळीसारखंच तिचं काम, पाणी गोळा करायचं आणि दोन्ही टोकांना, पुढच्या फेंडरच्या मागून खाली सोडायचं. याच पन्हळीत ब्लोअरला, म्हणजे एसीच्या पंख्याला, बाहेरची हवा घ्यायचं भोक असतं. पाणी जाऊ नये म्हणून त्याभोवती उभी कॉलर असते. टोकं मोकळी आहेत तोवर पाणी कॉलरपर्यंत चढत नाही. टोक तुंबलं की पन्हळ भरते, पाणी कॉलर ओलांडतं, ब्लोअरमध्ये पडतं आणि तिथून पुन्हा त्याच पुढच्या डाव्या कार्पेटवर येतं. जागा तीच असल्यानं आपण एसीला दोष देत बसतो.

माझ्या पार्किंगच्या डोक्यावर गुलमोहर आहे. मे महिन्यात फोटो काढायला छान, पण त्याची पानं म्हणजे शेकडो बारीक पर्णिका, एकेक नखाएवढीही नाही. मोठं पान जाळीवर अडकतं, हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहराची पर्णिका जाळीतून आरामात आत जाते. शिवाय माझी जागा उताराची, गाडी डावीकडे आणि पुढे झुकलेली उभी राहते. म्हणजे पन्हळीतलं सगळं पाणी डाव्या टोकाला, आणि कचराही तिथेच.

उघडायची रीत अशी. आधी वायपर काचेवर जिथे टेकतात तिथे चिकटपट्टीनं खूण करा, नाहीतर बसवताना वायपर तिरके बसतात आणि एकमेकांवर आपटतात. वायपरच्या मुळाशी प्लॅस्टिकची टोपी, तिच्याखाली नट. नट काढला तरी वायपर सहजी निघत नाही, मूळ धरून थोडं हलवत हलवत काढा. टोकाला धरून ओढाल तर दांडा वाकेल. मग बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर ओढून काढा आणि जाळीच्या क्लिपा सोडवा. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा दोन-तीन तरी तुटतातच. आधीच दहा घेऊन ठेवा, स्वस्त असतात.

जाळी उचलली तर डाव्या टोकाला काळा, दाबून बसलेला थर. चहाच्या चोथ्यासारखा. त्यात एक-दोन लाल पाकळ्या अजून ओळखू येत होत्या. जुन्या चमच्यानं दीड वाटी माल काढला, त्यातून एक गांडूळही निघालं. हाताने आणि चमच्यानं आधी सगळं बाहेर काढायचं. पाइपानं धुवायची घाई केली तर कचरा भोकात आणखी घट्ट बसतो. सगळं निघाल्यावर दोन्ही टोकांना तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि मित्राला खाली बघायला सांगा. पुढच्या चाकाच्या मागून धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर अजून अडकलंय.

पन्हळ मोकळी झाल्यावर टॉर्चनं पत्र्यांचे जोड बघा. चोथा वर्षानुवर्षं ओला राहिल्यानं जोडावरचा सीलंट तडकतो आणि खाली गंज धरतो. माझ्या गाडीत बोटभर लांबीची फट होती. गंज घासून, प्रायमर लावून, पूर्ण वाळल्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरला. घरातल्या सिंकला लावतात तो, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे वापरू नका. तो वाळताना आम्ल सोडतो, उघड्या पत्र्याला गंजवतो आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. माझ्या आधी कुणीतरी नेमका तोच थापून ठेवला होता, तो खरवडण्यातच निम्मा दिवस गेला.

ग्लोव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टरही बघून घ्या. खालची कड ओली, फिल्टरवर पाल्याचे कण आणि ब्लोअरची घरघर, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर पाणी वरून, काउलमधूनच येतंय. भिजलेला फिल्टर वाळवून परत बसवू नका.

मागचं डावं: दारातला फाटका पडदा

पुढचं कोरडं झालं. मागच्या डाव्या बाजूची ओल मात्र तशीच. पुढून पाणी मागे वाहत जातं म्हणून मी तिला आजवर वेगळं धरलंच नव्हतं.

दाराच्या आत पाऊस शिरतो, हे खूप जणांना माहीत नसतं. शिरायचाच. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या फटींमधून खाली पडतं. रचनाच तशी आहे. हे पाणी आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा एक पडदा काळ्या चिकट ब्यूटाइल रबरानं चिकटवलेला असतो. ज्या दिवशी कुणी नवे स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा पॉवर विंडो बसवतं, त्या दिवशी तो पडदा मरतो. माझ्या मागच्या दारात स्पीकरसाठी ब्लेडनं अधिकचं चिन्ह काढावं तसा कापला होता आणि चारही कोपरे लोंबत होते. स्पीकरच्या लोखंडावर पाण्याचे ओघळ स्पष्ट दिसत होते.

दार उघडताना आत घळघळ आवाज येत असेल तर तळाच्या फटीही तुंबल्यात. त्या आधी आइस्क्रीमच्या काडीनं मोकळ्या करा. मग पॅनेल काढायचं. हँडलच्या खोबणीत आणि ओढायच्या मुठीत लपलेले स्क्रू आधी काढा, त्यानंतरच क्लिपा. स्क्रू राहिला आणि पॅनेल ओढलं तर ते तिथेच चिरतं. पडद्यासाठी जाड पॉलिथिन आणि ब्यूटाइल टेप आणली. जुना पडदा वर्तमानपत्रावर ठेवून आकार काढला. जुनं ब्यूटाइल खरवडून, पत्रा स्पिरिटनं पुसून, नवी टेप सलग लावली. हेअर ड्रायरनं जरा गरम करून दाबली की घट्ट धरते.

एक गोष्ट माझी पहिल्यांदा चुकली. पडद्याची खालची कड दाराच्या आतल्या खाचेत जायला हवी, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी परत दारातच पडतं. मी ती बाहेर, पॅनेलच्या बाजूला ठेवली. म्हणजे पडदा नवा आणि पाणी गाडीतच, फक्त जास्त शिस्तीत. रुंद पॅकिंग टेपनं भागवायचा मोहही होईल. उन्हात तापलेल्या दारात ती टेप सुटते.

बाकीच्या वाटा पटकन सांगतो. काच बदललेली असेल तर तिच्या कडेचा सीलंट: गाडीत बसून खिडक्या बंद करा, बाहेरच्या हवेवर ब्लोअर पूर्ण सोडा आणि बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे फट. काच नव्यानं चिकटवणं मात्र काचवाल्याचंच काम. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केटं, डिकीचं रबर आणि मागच्या बंपरआडचे हवा बाहेर सोडायचे झडप असलेले व्हेंट. छतावरच्या अँटेनाच्या बुडाचं रबर. गाडीच्या तळाला असलेली गोल रबरी बुचं, रंगकामाच्या वेळी काढून परत न लावलेली. आणि उंदीर. इंजिनकडून आत येणाऱ्या वायरांभोवतीची रबरी ग्रोमेटं, म्हणजे भोक बुजवणारी कडी, ते कुरतडतात आणि पाण्याला आयतं भोक मिळतं.

पाइपानं तपासणी

वरचं सगळं अंदाजानं करत बसू नका. माझा खरा वेळ वाचला तो या चाचणीनं, फक्त ती मी शेवटी केली. कार्पेट आणि फेल्ट बाहेर असताना उघडा पत्रा पूर्ण पुसून घ्या. संशय असेल त्या जोडांवर टाल्कम पावडर शिंपडा, आणि कोपऱ्यांत, डॅशबोर्डखालच्या बाजूच्या पॅनेलमागे टिश्यूचे तुकडे चिकटवा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसेल, बाहेर एक पाइप धरेल. साधा बागेचा पाइप, हळू धार. प्रेशर वॉशर नाही. त्यानं पावसात कधीच न गळणाऱ्या जागाही गळतात.

सुरुवात खालून. आधी दाराचा तळ, मग दार, मग खिडकीची कड, मग काउल, मग काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला की थांबा, त्याच्या मागोमाग वर जा. पाणी जिथे साचतं ती जागा आणि जिथून शिरतं ती जागा यांत हातभराचं अंतर सहज असतं. गाडी रोज उभी असते त्याच उतारावर, त्याच तोंडानं उभी करून तपासा. सपाट जागेवर माझं काउल अजिबात गळलं नव्हतं.

आत बसायला आमच्याकडे बायको तयार झाली. अटीवर, की यापुढे गाडीतला तो लिंबाच्या वासाचा फवारा कायमचा जाईल. सोसायटीचं पाणी वापरायला वॉचमननं हरकत घेतली. ती रास्तच होती, मग वरून बादल्या आणि झारी आणली. झारीनंही काम होतं.

एका वेळी एकच दुरुस्ती करा, परत तपासा, मग पुढची. चार ठिकाणी एकदम सीलंट थापलात तर नेमकं काय गळत होतं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात.

वाळवणं

कार्पेट बाहेर काढायचं तर सीट काढावी लागते. बहुतेक गाड्यांत चार बोल्ट, १४ चा पाना. पण आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगशी आणि सीटबेल्टशी संबंधित असतात. ते सुटलेले असताना चावी फिरवू नका. एअरबॅगचा दिवा लागला तर तो घालवायला स्कॅनर लागतो. डाव्या पायाशी किंवा डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्स, कंट्रोलर असतात, तिथे ओल पोचली असेल तर कनेक्टर उघडून वाळवा. हिरवट थर दिसला तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. वीज स्वतःहून बंद पडणं, इंडिकेटर वेड्यासारखे लागणं, हे पुढचे अध्याय इथूनच सुरू होतात.

फेल्ट शक्य असेल तर कार्पेटपासून वेगळा करा, दाबून पिळा, मग उन्हात. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा घरातली खोली बंद करून पंखा आणि दोन-तीन दिवस. घरच्यांची बोलणी खावी लागतात. फेल्ट काळा पडून कुजला असेल तर टाकून द्या, त्याला काहीही लावलं तरी वास परत येतो. पत्र्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसा, कोरडं करा, गंजाच्या ठिपक्यांवर प्रायमर मारा. गाडी चालवताना एसी चालू ठेवून तापमानाचा खटका गरमकडे फिरवला तर आतली हवा झपाट्यानं कोरडी होते, काचांवरचं धुकंही जातं. ओझोनची मशीन, खाण्याचा सोडा वगैरे सगळं यानंतर, तेही वाटलं तर.

आणि मग ते काकांचे आठ दिवस. कार्पेट न लावता, उघड्या पत्र्यावर गाडी चालवा. आवाज येतो, खडबडीत वाटतं, मुलं हसतात. पण एक चांगला पाऊस आणि एक लांबचा एसीचा प्रवास यांतून कोरडी निघाल्याशिवाय काहीही परत बसवू नका.

पुरातली गाडी असेल तर

हे सगळं करूनही वास जात नसेल, किंवा गाडी घ्यायच्या आधीच वास येत असेल, तर वेगळी शंका घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईकराला बुडालेली गाडी म्हणजे काय ते माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं न परवडणारी, धरली जाते, आणि ती भंगारातच जाते असं नाही. कुणीतरी घेतं, धुतं आणि विकतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, रिळात गुंडाळलेल्या भागावर गाळाची आडवी रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या कंसांवरचे स्क्रू गंजलेले आहेत का बघा. ८ वर्षांच्या चांगल्या गाडीत गाडीच्या आतला स्क्रू गंजत नाही. स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात, कार्पेटखालच्या पत्र्याच्या घड्यांत बारीक पिवळसर माती. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. यातलं दोन-तीन एकत्र सापडलं तर कितीही स्वस्त मिळो, मी ती गाडी घेत नाही. गळती बंद करता येते, वायरिंगच्या प्रत्येक जोडात बसलेला गाळ काढता येत नाही.

माझ्या त्या पहिल्या गाडीत पुढच्या डाव्या पॅनेलमागे चिकटवलेला टिश्यूचा तुकडा मी अजून काढलेला नाही. मेच्या शेवटी जाळी उघडून गुलमोहर काढतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तो तुकडा बघतो. गेल्या वर्षी एक कोपरा पिवळा पडला होता. उजव्या टोकाचं भोक तुंबलं होतं, तिथे मी कधी चमचा घातलाच नव्हता.